‘साखर किती?’ हा प्रश्न मी उशिरा सोडला

मनूची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली आणि पुढच्या तीन आठवड्यांत मला तीन आयांचे फोन आले. तिघींच्याही मुलांना टाइप १ मधुमेह आहे. एकीला शाळेत कुणाशी बोलायचं ते हवं होतं, एकीला परीक्षेच्या अर्जाचं विचारायचं होतं. तिसरी मात्र नुसती रडत होती. तिचा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि महिनाभर तो तिच्याशी नीट बोलत नव्हता. तिला मी जे सांगितलं ते सांगायला मला स्वतःला पाच वर्षं लागली होती, म्हणून सगळं सलग लिहून काढते आहे. लेकीचं खरं नाव लिहीत नाही. घरी आम्ही तिला मनू म्हणतो. हे सगळं तिने वाचलंय आणि तिला नको होतं ते काढून टाकलंय.

आम्ही साताऱ्याचे. मी एका सहकारी बँकेत नोकरीला, मनूचे बाबा महावितरणमध्ये, आणि घरात सासूबाई. ऑक्टोबर २०१९ मध्ये मनू दहा वर्षांची होती, पाचवीत. नवरात्रातच ती सारखं पाणी पिऊ लागली. ऑक्टोबरचा उकाडा आहे, त्यात दांडिया खेळते, तहान लागणारच, असं मी धरलं. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठायची आणि दोनदा अंथरूणही ओलं झालं. ते तिने कुणाला कळू न देता स्वतःच चादर धुऊन लपवलं होतं. दसऱ्याला शिवलेला ड्रेस कोजागिरीला घातला तर खांद्यावरून उतरायला लागला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पोर वाळलीये.” मला वाटलं, उंची वाढतेय.

१५ तारखेला तिला उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखू लागलं. जवळच्या दवाखान्यात पोटाचा संसर्ग सांगितला, उलटीचं औषध दिलं आणि घोट घोट ग्लुकोजचं पाणी पाजायला सांगितलं. मी दिवसभर पाजलं, अगदी प्रेमाने, चमच्याने. पुढची कित्येक वर्षं तो चमचा माझ्या स्वप्नात येत होता. १६ ला पहाटे ती खोल, जोरजोरात श्वास घ्यायला लागली आणि तिच्या तोंडाला फार पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला. दुसऱ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या नर्सने बोटातून थेंब घेतला तर यंत्रावर आकडा न येता नुसतं ‘हाय’ आलं. साखर यंत्राच्या मोजण्याच्या पलीकडे गेली होती. तासाभरात आम्ही रुग्णवाहिकेतून पुण्याला निघालो. खंबाटकी घाटात मी तिचा हात धरून बसले होते आणि ती मला ओळखत नव्हती.

याला डायबेटिक कीटोअॅसिडोसिस म्हणतात. रक्तातली साखर वापरायला लागणारं इन्शुलिनच नसल्यामुळे शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल साचतं. खूप तहान, वारंवार लघवी, मोठ्या मुलाचं पुन्हा अंथरूण ओलं होणं, वजन उतरणं, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर त्याच दिवशी बोटातून साखर बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. दवाखान्यात कुणी स्वतःहून बघितलं नाही तर तुम्ही सांगून करून घ्या.

तीन दिवस अतिदक्षता विभागात. तासातासाला साखर बघत, इन्शुलिन ठिबकत, सलाईन इतकं सावकाश चालू होतं की मी भांडले, जरा जोरात सोडा ना म्हणून. तिथल्या डॉक्टर मॅडमनी रात्री अकरा वाजता मला बाजूला घेऊन समजावलं की मुलांमध्ये घाई केली तर मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून हळू. तिसऱ्या दिवशी मनू शुद्धीवर नीट आल्यावर त्यांनी आम्हाला खोलीत बसवलं. म्हणाल्या, हा टाइप १ मधुमेह आहे. यात शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट करते. गोड खाल्ल्यामुळे हे होत नाही, आईने काही कमी केलं म्हणूनही होत नाही. गोळीने भागत नाही, इन्शुलिन टोचावंच लागतं, रोज, आणि आयुष्यभर. मनूच्या बाबांनी विचारलं, “किती दिवस?” मॅडमनी उत्तर पुन्हा एकदा, तितक्याच शांतपणे दिलं.

मग त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी धरून ठेवली. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे महिने जगवायचे, याहून जास्त डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं. रुग्णालयाच्या गॅलरीत उभी राहून मी हिशोब केला. माझ्या पणजीच्या काळात मनू वाचली नसती.

आठ दिवसांचं बिल १ लाख १८ हजार झालं. माझ्या बँकेच्या सामूहिक विम्यातून त्यातले ७२ हजार मिळाले, तेही दोनदा कागद परत आल्यावर. डिस्चार्ज कार्डावर ‘मधुमेह’ एवढंच होतं. ‘टाइप १’ असं स्पष्ट लिहून घ्या. पुढे प्रत्येक कागदावर हाच शब्द अडला.

सुटी मिळण्याआधी टोचायला शिकलो. नर्सने मोसंबी आणायला सांगितली होती. मी आणि मनूचे बाबा घाबरत घाबरत टोचत होतो आणि सासूबाई कोपऱ्यातून बघत होत्या. सातवी शिकलेल्या, वय तेव्हा अडुसष्ट. त्या उठल्या, म्हणाल्या, “द्या इकडे. तुम्ही दोघं कामावर गेल्यावर पोरीला कोण बघणार?” आणि त्यांनी पहिल्याच झटक्यात बरोबर टोचलं. दुसऱ्या दिवशी मनूलाही त्यांनीच टोचलं. मनू रडली नाही. मी जिन्यात जाऊन रडले.

२४ ला घरी आलो, दुसऱ्या दिवशी वसुबारस. पहिल्या आठवड्यातच एक मोठी चूक झाली, ती सांगायलाच हवी. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या येतात, म्हणजे एका मिलीमध्ये ४० युनिट. त्यांना लाल टोपणाची यू-४० सिरिंज लागते. आम्हाला दुकानातून नारिंगी टोपणाची यू-१०० मिळाली आणि आम्ही तीच वापरली. सिरिंजवर दहाची खूण दिसत होती, पण शरीरात चारच युनिट जात होते. दोन दिवस साखर चारशेच्या वर. उलटं झालं असतं तर अडीचपट डोस गेला असता, त्या विचाराने आजही काटा येतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दरवेळी विकत घेताना बघा. तीन महिन्यांनी आम्ही इन्शुलिनचे पेन घेतले, आकडा फिरवून टोचायचे, त्यात ही भानगड राहत नाही.

डिसेंबरमध्ये मनूचा डोस अचानक उतरत गेला. दिवसाला बावीस युनिटवरून सहावर. याला हनिमून काळ म्हणतात. उरल्यासुरल्या पेशी थोडे महिने काम करतात. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही वाचलो, कारण नेमक्या याच काळात नात्यातले एक गृहस्थ चूर्ण घेऊन आले. २१ दिवस चूर्ण घ्यायचं आणि सुई बंद करायची, असं त्यांचं म्हणणं होतं. डोस कमी होतोच होता, त्यामुळे ते खरं वाटायला किती सोपं होतं! सासूबाईंनी देवीला नवस बोलला होता, तो त्यांनी फेडला, ओटी भरली. चूर्ण मात्र त्यांनीच परत केलं. म्हणाल्या, “देवीला बोललेय मी सुई सोसवू दे म्हणून. बंद कर असं नाही बोलले.”

मग लॉकडाऊन आला. एप्रिल २०२० मध्ये चार दिवस रात्रीचं इन्शुलिन कुठेच मिळेना, शेवटी कराडहून एका मित्राने पोलिसांचा पास काढून आणून दिलं. तेव्हापासून घरात कायम दोन महिन्यांचा साठा असतो. न उघडलेलं फ्रीजमध्ये, दारात किंवा मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवायचं नाही, गोठलेलं इन्शुलिन फेकून द्यावं लागतं. उन्हाळ्यात वीज गेली की मातीच्या मोठ्या भांड्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, आणि मडक्यात डब्यात बंद केलेलं इन्शुलिन. मनूच्या बाबांनी त्यात थर्मामीटर ठेवून बघितलं, बाहेर ३८ असताना आत २६ होतं. चालू पेनला तेवढं पुरतं, तेही साधारण चार आठवडेच. पेनवर उघडल्याची तारीख लिहायची सवय लावून घ्या.

२०२१ मध्ये कुणीतरी सांगितलं की दिव्यांग प्रमाणपत्र काढा म्हणजे सवलती मिळतील. मी दोन रजा टाकून जिल्हा रुग्णालयात गेले. दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी यादीच पुढे ठेवली. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, टाइप १ मधुमेह त्यात नाही. म्हणून तो रस्ता धरू नका. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी नागपूरची ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान इथे जरूर विचारावं. दोन्ही संस्था कितीतरी वर्षं अशाच मुलांसाठी काम करत आहेत. आमचा महिन्याचा खर्च सांगते: इन्शुलिन अडीच हजार, साखर बघायच्या पट्ट्या साडेतीन हजार, सुया आणि किरकोळ सहाशे. दर तीन महिन्यांनी पुण्याची फेरी आणि तपासण्या वेगळ्या. बोट न टोचता साखर दाखवणारा, चौदा दिवस टिकणारा दंडावरचा सेन्सर पाच हजारांच्या आसपास पडतो. तो आम्ही आजारपणात आणि परीक्षेच्या दिवसांतच लावतो.

इथपर्यंतचं सगळं शिकता येतं. कठीण काळ नंतर आला आणि तो औषधाचा नव्हता.

मनू सातवी संपवून आठवीत गेली, २०२२. शाळा पुन्हा नेहमीसारखी सुरू झाली होती. पाळी सुरू झाली होती आणि साखर कशालाच दाद देईना. तेच जेवण, तोच डोस, आणि आकडा कधी ९०, कधी ३१०. दिवसाचा डोस २४ वरून ४६ युनिटवर गेला. मला वाटलं, आजार बळावला. मॅडम म्हणाल्या, या वयात वाढीची संप्रेरकं इन्शुलिनला विरोध करतात, सगळ्याच मुलांना डोस वाढवावा लागतो. पाळीच्या आधी दोन-चार दिवस साखर चढते, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. मी लिहायला लागले. मी सगळंच लिहायला लागले. भिंतीवर तक्ता लावला, जास्त आकड्याला लाल पेन, नीट असेल त्याला हिरवं.

ती शाळेतून आली की चपला काढायच्या आत मी विचारायचे, “साखर किती?”

ती सांगायची, “एकशे अठरा.” दुसऱ्या दिवशी, “एकशे चोवीस.” मी खूश. हिरवं पेन. नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी झाली, एचबीए१सी. सातच्या आसपास यायला हवं ते १०.४ आलं. मॅडमनी ग्लुकोमीटरची, म्हणजे साखर मोजायच्या यंत्राची, मेमरी उघडली. शाळेच्या वेळातली एकही नोंद नव्हती. दोन महिने तिने शाळेत बोट टोचलंच नव्हतं आणि डब्याच्या वेळचं इन्शुलिनही बऱ्याचदा घेतलं नव्हतं. ते एकशे अठरा, एकशे चोवीस तिने घरी येताना रिक्षात बसून ठरवलेले आकडे होते.

मी तिथेच ओरडले. मॅडमच्या समोर. “आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो आणि तू खोटं बोलतेस?” मॅडमनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी चाळीस मिनिटं बाकड्यावर बसले. आत काय बोलणं झालं ते मनूने मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. इन्शुलिनसाठी तिला शिक्षकांच्या खोलीत जावं लागायचं. तिथून परत येईपर्यंत मैत्रिणींचे डबे संपलेले असायचे. वर्गातल्या एकाने विचारलं होतं, “तुझ्या शेजारी बसलं तर होतं का?” आणि मॅडमना ती म्हणाली होती, “सगळ्यांना वर्षाला चार परीक्षा. मला दिवसाला सहा. आणि आई लाल पेन घेऊन दारात उभी.”

त्या दिवशी मॅडमनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. आकडा चांगला-वाईट नसतो, जास्त किंवा कमी असतो. आणि घरात तिला इन्शुलिनची माहिती असलेली आई हवी आहे, पण आधी नुसती आई हवी आहे. एका समुपदेशक ताईंचं नाव दिलं. आम्ही सहा वेळा गेलो, दरवेळी आठशे रुपये. चार वेळा ती एकटी, दोन वेळा मीही. त्या ताईंनी आमच्यात एक करार करून दिला. शाळेतून आल्यावर अर्धा तास मी साखरेचं नाव काढायचं नाही. संध्याकाळी सातला दोघींनी मिळून यंत्रातले आकडे बघायचे, दहा मिनिटं, आणि मग विषय बंद. आणि तिने आकडा कितीही आला तरी खरा सांगायचा, त्या आकड्यावरून ओरडा मिळणार नाही.

वाचायला हे सोपं वाटतं. पहिल्या आठवड्यात मी शब्द गिळत होते. ती दार उघडून आत यायची आणि माझ्या तोंडात तेच वाक्य यायचं. मग मी विचारायचे, “डब्यात भाजी पुरली का?” सोळाव्या की सतराव्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, “आई, दोनशे ऐंशी आहे. वाढदिवस होता, केक खाल्ला, नि लाजून टोचलं नाही.” खरा आकडा. तो ऐकून मला जे वाटलं ते सगळ्या खोट्या एकशे अठरांनी मिळून कधी वाटलं नव्हतं. भिंतीवरचा तक्ता मी त्या रात्री उतरवला. आणि घरात ‘टेस्ट’ हा शब्द बंद केला. आता आम्ही ‘साखर बघणं’ म्हणतो.

शाळेशीही नीट बोलायला हवं होतं, ते मी तीन वर्षं टाळलं होतं. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहिलं होतं की टाइप १ असलेल्या मुलांना शाळेत साखर बघू द्यावी, इन्शुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळी खाऊ द्यावं. त्याची बातमी छापून मी मुख्याध्यापकांकडे गेले. सोबत मॅडमचं पत्र आणि मी तयार केलेला एक कागद. कागद एकच पान ठेवा, दोन पानं कुणी वाचत नाही. त्यावर मनूचा फोटो, आमचे तिघांचे फोन नंबर आणि खाली एवढंच: घाम, थरथर, चिडचिड, चेहरा पांढरा पडणं, बोलणं अडखळणं असं दिसलं तर साखर कमी झाली समजा, एकटीला कुठेही पाठवू नका, तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, अजून ७० च्या खाली असेल तर परत द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, गाडी काढा. वर्गशिक्षिका, पीटीचे सर, ऑफिस आणि शिपाई मावशी, चौघांना एकेक प्रत. वर्गातच, बाकावर बसून टोचायची परवानगी मिळाली. सगळ्यात पक्कं ज्यांनी लक्षात ठेवलं त्या मावशी. एकदा मनू मैदानात उगाचच मैत्रिणीवर खेकसली तर त्यांनीच तिला धरून आणलं, “हिची साखर उतरलीये, ही अशी बोलत नाही.” ५४ होती.

त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याजवळ टाइप १ असलेल्या मुलांचं दोन दिवसांचं शिबिर होतं. मनू जायला तयार नव्हती, तिच्या बाबांनी “नाही आवडलं तर रात्रीच घ्यायला येतो” असं कबूल करून सोडलं. तिथे सतरा वर्षांची एक मुलगी गप्पा मारता मारता टी-शर्ट जरासा वर करून पोटावर टोचून मोकळी झाली, गप्पा न थांबवता. मनू परत आली ती त्या मुलीबद्दलच बोलत होती. मी, मॅडम, ताई, आम्ही सगळ्यांनी मिळून जे सांगितलं नसतं ते तिने त्या एका मिनिटात बघितलं. जमेल तिथून अशा दुसऱ्या मुलांशी गाठ घालून द्या, जितकी लवकर तितकं बरं. आठवीपर्यंत थांबू नका.

खाण्याचंही तिथून बदललं. तोवर मी गोड बंद ठेवलं होतं, आणि साताऱ्यात येणारा प्रत्येक पाहुणा कंदी पेढे घेऊन येतो. ते मी कपाटात वर ठेवायचे, आणि ती रात्री स्टूल घेऊन चढायची, हेही नंतर कळलं. आहारतज्ज्ञांकडून आम्ही कर्बोदकं, म्हणजे खाण्यातला साखर वाढवणारा भाग, मोजायला शिकलो. आमच्या घरची मध्यम पोळी साधारण २० ग्रॅम, सासूबाईंची ज्वारीची भाकरी मात्र काट्यावर ठेवली तर तिप्पट निघाली, कारण ती ताटभर असते. घरातलीच वाटी, घरातलाच तवा धरून मोजा, पुस्तकातली वाटी वेगळी असते. आता पेढा खायचा असेल तर जेवणासोबत, त्याचं इन्शुलिन धरून, सगळ्यांच्या समोर. गणपतीत तिने दोन उकडीचे मोदक मोजून, टोचून, तुपासकट खाल्ले. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या.

आता दहावीचं. मनूची शाळा सीबीएसईची. २०१७ पासून या बोर्डाची टाइप १ असलेल्या परीक्षार्थींना खाण्याचे पदार्थ आणि पाणी सोबत नेण्याची परवानगी आहे: साखरेच्या गोळ्या किंवा चॉकलेट, केळं-सफरचंदासारखं फळ, सँडविचसारखं काही, पाण्याची लहान बाटली. मात्र आपोआप काही होत नाही, मधुमेहतज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणि मुख्याध्यापकांची शिफारस लागते. परीक्षार्थींची यादी शाळा बोर्डाला पाठवते तेव्हाच हे मागे लागून करून घ्या. आम्ही ऑगस्ट २०२४ मध्ये सुरुवात केली. शाळेच्या ऑफिसात असा अर्ज आधी कुणी केला नव्हता, त्यामुळे परिपत्रकाची प्रत मीच नेऊन दिली. पहिलं प्रमाणपत्र परत आलं, कारण त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पुसट उमटला होता. दुसरं आणायला पुण्याची फेरी, एक दिवसाची रजा. सप्टेंबरअखेर कागद गेले. जानेवारीपर्यंत काहीच कळेना, मी दर पंधरा दिवसांनी फोन करत राहिले. शाळेतले क्लार्क वैतागले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार.

केंद्र दुसऱ्याच शाळेत आलं. १२ फेब्रुवारीला आम्ही दोघी तिथे जाऊन केंद्रप्रमुखांना भेटलो, सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती घेऊन. ही भेट चुकवू नका. सेन्सरचा आकडा मोबाइलवर दिसतो आणि मोबाइल आत चालत नाही, म्हणून साधा ग्लुकोमीटर पारदर्शक पिशवीत घालून न्यायचं ठरलं. खाऊची पिशवी पर्यवेक्षकांच्या टेबलावर राहणार, लागलं की हात वर करायचा. मनूने मला मधे बोलू दिलं नाही, सगळं तिनेच विचारलं.

पहिला पेपर १५ फेब्रुवारी, इंग्रजी. घरून निघताना साखर २३२. ताणानेही साखर चढते. माझा हात लगेच पेनकडे गेला, पण पूर्ण डोस दिला तर पेपरच्या मध्यावर खाली येईल म्हणून अर्धाच घ्यायचा हे मॅडमशी आधी ठरलं होतं. तिने अर्धा घेतला. मी गेटबाहेर तीन तास उभी होते. त्या पेपरला काही झालं नाही.

गणिताच्या पेपरला, १० मार्चला, झालं. बारा वाजून गेल्यावर आकडे डोळ्यांसमोर हलायला लागले, तिने हात वर केला. ६१. ग्लुकोज घेतलं, बिस्किट खाल्लं, पंधरा मिनिटं पेन खाली ठेवून बसली, परत बघितलं तर ८८, मग लिहायला घेतलं. गेलेला वेळ परत मिळत नाही, आणि शेवटचं पाच गुणांचं गणित राहिलं. गेटमधून ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरूनच मला कळलं होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली. रिक्षात बसल्यावर तिनेच सांगितलं, सगळं, वेळेसकट. मग म्हणाली, “पंधरा मिनिटं बसून राहणं सगळ्यात अवघड होतं. पेपर समोर होता ना.”

जूनमध्ये ती अकरावीला पुण्याला जाईल. वसतिगृहाच्या रेक्टर बाईंना तेच एक पान दिलंय. फ्रीज त्यांच्या खोलीत आहे, म्हणून रात्रीसाठी एक किल्ली मनूकडे राहील आणि खोलीतल्या मुलीला ग्लुकोज कुठे ठेवलंय ते माहीत असेल, एवढं आम्ही लिहून घेतलं. दर तीन महिन्यांनी मॅडमकडे ती स्वतः जाणार आहे. डोळे, लघवीतलं प्रथिन आणि थायरॉइड या वर्षाच्या तपासण्या दिवाळीच्या सुटीत, मी सोबत.

हा मजकूर वाचून झाल्यावर मी तिला विचारलं, लहान मुलांच्या आयांसाठी तुला काही घालायचंय का. तिने थोडा विचार केला. “फ्रीजमधून काढलेलं पेन लगेच टोचू नका म्हणावं. गार असलं की झोंबतं. अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. मी लहान असताना सांगायचे नाही, पण ते दुखायचं.”